‘मी इथे कुणाच्याही उपयोगाची नाही’

परदेशी सेवाकार्यासाठी गेलेल्या तरुण धर्मभगिनी आणि धर्मगुरू पहिल्या वर्षात माझ्याशी बोलतात, तेव्हा बहुतेकांची चिंता एकच असते: आपण येथे निरुपयोगी आहोत, तर आपले पाचारणच, म्हणजे या जीवनासाठीचे देवाचे बोलावणेच, चुकले असेल का? वसईहून टांझानियातील एका ग्रामीण दवाखान्यात गेलेल्या परिचारिका सिस्टरांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

त्यांना तेथे सात महिने झाले होते. व्हिडिओवरील पहिल्या भेटीत त्या बराच वेळ रडल्या. थकवा होता, झोप तुटत होती, प्रार्थनेत मन लागत नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मलेरिया होऊन गेल्याचे कळल्यावर मी आधी रक्त तपासून घेण्यास सांगितले, कारण शरीराच्या अशक्तपणाला श्रद्धेचा अशक्तपणा समजण्याची चूक मठात फार सहज होते. हिमोग्लोबिन कमी निघाले, औषध सुरू झाले, थकवा ओसरला. ‘मी इथे कुणाच्याही उपयोगाची नाही’ हे त्यांचे एक वाक्य मात्र तसेच राहिले.

मग मी ‘काय वाटते’ हे विचारणे सोडून ‘काल काय काय झाले’ हे विचारू लागले, आणि तिसऱ्या भेटीत एक प्रसंग बाहेर आला. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात; आपले सकाळचे सात म्हणजे तिथला पहिला तास, ‘सा मोजा’, आणि ‘सा तातू’ म्हणजे सकाळचे नऊ. सिस्टरांनी मुलाच्या जखमेची पट्टी बदलण्यासाठी एका आईला ‘सा तातू’ची वेळ दिली होती आणि त्यांच्या मनात दुपारचे तीन होते. ती बाई नऊपासून मुलाला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिली. लसीकरणासाठी दुसऱ्या गावी गेलेल्या सिस्टर तीन वाजता धापा टाकत पोहोचल्या, तेव्हा ती उठून म्हणाली, ‘पोले, सिस्टर.’ तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटले, अशा अर्थाचा हा शब्द तिथे ठेच लागलेल्यालाही म्हणतात आणि कामाने दमलेल्यालाही.

“तिने मला रागावायला हवे होते, मॅडम,” सिस्टर म्हणाल्या. मी विचारले, “राग चालला असता, मग माया का बोचली?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. द्यायला आलेल्या माणसाला घेण्याची लाज वाटते, हे त्यांचे त्यांनाच उमगले. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, नीट वळून खायला शिकवणारी स्वयंपाकीण, भाषा सुधारून देणारी शाळकरी मुले, डालाडालात, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबसमध्ये, जागा करून देणारे प्रवासी, या साऱ्यांकडून मिळालेले त्या आपल्या कमीपणाच्या खात्यात लिहीत होत्या.

मी त्यांना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण करून दिली. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाचे (जेझुइट धर्मगुरूचे) मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले ते 1616 मध्ये. मधल्या 37 वर्षांत त्यांना ओवीची चाल ऐकवणारे, चुकलेला शब्द दुरुस्त करणारे कुणीतरी आपल्याच मातीतले असणार. त्या अनाम माणसांचे ऋण मला मोलाचे वाटते, आणि सिस्टरांना तो विचार धीर देणारा ठरला.

आईला रोज ‘सगळे छान आहे’ सांगणेही त्यांनी थांबवले. आठवड्यातून एकदा, पण खरे बोलायचे, असे आम्ही ठरवले. आई पहिल्यांदा घाबरली, नंतर सासरच्या पहिल्या वर्षी आपण किती रडलो होतो ते लेकीला सांगू लागली.

मागील महिन्यात सिस्टरांनी आमच्या भेटीची वेळ बदलून मागितली. त्याच बाईकडे त्या आता स्वाहिली शिकायला जातात, दर शनिवारी ‘सा कुमी’ला, दहाव्या तासाला, म्हणजे दुपारी चार वाजता.