बाबांच्या पोटातल्या धमनीला ४.३ सेंमीचा फुगा: ऑपरेशन की वाट बघायची?

निपाणीहून प्रश्न आलाय: बाबा ६८ वर्षांचे, विडी ओढतात. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तर पोटातल्या महाधमनीला ४.३ सेंमीचा ॲन्युरिझम निघाला. मामा म्हणतात ऑपरेशन उरकून टाका, डॉक्टर म्हणतात वर्षानं या. डॉक्टर टाळताहेत का?

नाही हो. ही धमनी साधारण २ सेंमी रुंद असते. भिंत कमजोर होऊन ती ३ च्या पुढे फुगली की ॲन्युरिझम म्हणतात. पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सेंमीपर्यंत सहसा थांबतात, कारण तोवर फुटायचा धोका कमी आणि ऑपरेशनची जोखीम त्याहून जास्त. ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांतही ५.५ च्या आत घाई केलेले रुग्ण काही जास्त जगले नाहीत. मात्र वर्षात १ सेंमी वाढला किंवा दुखायला लागला, तर थांबायचं नाही. तपासणी शक्यतो त्याच सेंटरला करा. माप घेणारा बदलला की दोन-चार मिलिमीटर इकडचे तिकडे होतात आणि घरात उगाच रडारड.

मामांना म्हणावं, आधी विडी सोडवा. तंबाखूच्या गावात हे बोलणं अवघड, पण फुगा वाढवण्यात विडीचा हात मोठा आहे. बीपीची गोळी चुकवू नका. आणि जुलाब झाले की मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी आणायची आपली सवय इथे महागात पडेल: या गटातल्या औषधांनी धमनी फाटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१८ मध्ये दिलाय.

पुढे वेळ आलीच तर दोन वाटा. पोट उघडून कृत्रिम नळी शिवतात. त्रास जास्त, पण काम टिकाऊ. किंवा जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली कापडी नळी, आत सरकवतात. माणूस लवकर घरी येतो, पण बाजूनं रक्त झिरपतंय का हे बघायला आयुष्यभर स्कॅन. कोणतं जमेल ते सीटी अँजिओग्राफीवर, म्हणजे धमन्यांच्या सीटी स्कॅनवर, ठरतं.

तुमच्या घरची खरी अडचण मुतखडा आहे. फुगा फुटला तरी कळ तशीच, कमरेतून जांघेकडे येते. अचानक जोराची कळ, घाम, चक्कर आली तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ‘ॲन्युरिझम आहे’ हेच बोला. बेळगाव की कोल्हापूर, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन रात्री कुठे मिळतो आणि आपलं कर्नाटकचं आयुष्मान कार्ड तिथे चालतं का, हे आत्ताच विचारून ठेवा.

काकांचीही एकदा सोनोग्राफी करून घ्या, सख्ख्या भावांत हे जास्त सापडतं.