'प्लॅनेटेस' बघायला घेतोयस ना? मग थोडं ऐक

अंतराळातला कचरा वेचणाऱ्यांची गोष्ट म्हटल्यावर मीही फार अपेक्षा न ठेवता बसलो होतो. पाच-सहा भाग होईपर्यंत झोप उडाली होती!

२००३-०४ ची ही जपानी मालिका, एकूण २६ भाग, काळ २०७५ चा. सुरुवातीचे भाग हलकेफुलके आहेत: ऑफिसातल्या कुरबुरी, अपुरं बजेट, स्पेससूटखाली घालायचे डायपर. तिथे कंटाळून सोडू नकोस. त्याच भागांमध्ये हाचिमाकी, तानाबे, फी, युरी ही माणसं आपल्या घरातली होऊन जातात, आणि पुढे त्यांच्यावर जे येतं ते म्हणूनच लागतं.

एक करच, हेडफोन लावून बघ. यानाबाहेरच्या निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही, हे इथे पाळलंय. ती शांतता अंगावर येते. आणि कचरा म्हणजे काय, तर एक साधा स्क्रू. पृथ्वीजवळच्या कक्षेत अशी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे तो स्क्रू प्रवासी यानाची खिडकी फोडू शकतो. युरीची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते. त्याच्या होकायंत्राचा भाग, म्हणजे दहावा, घाईत बघू नकोस; रात्री निवांत बस, फोन लांब ठेव.

आवाज मूळ जपानीच ठेव, सबटायटल्सची सवय दोन भागांत होते. आणि शेवट आधी कुठे वाचू नकोस, प्लीज. दहावा भाग झाला की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.