सर्फिंगची बॅच घ्या, पण चार डोक्यांच्या वर नको

साताऱ्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुट्टीत चौघं गोव्याला निघालेत. त्या, यजमान, १३ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. हॉटेलवाला पॅकेजमध्ये 'ग्रुप सर्फिंग, एक तास' देतोय. ते घ्यावं, वेगळे पैसे भरून छोट्या बॅचमध्ये जावं, की प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक लावावा? ताईंना पोहता येत नाही आणि चष्मा आहे. यजमान साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळतात, त्यामुळे 'त्यांचं काही टेन्शन नाही' असं त्या म्हणतात. (त्यांचंच टेन्शन आहे, पण ते पुढे.)

मी सांगलीचा. वयाच्या ४१व्या वर्षी पहिल्यांदा बोर्डवर, म्हणजे लाटेवर स्वार व्हायच्या लांब फळीवर, आडवा झालो, उभा राहायला दोन ट्रिपा लागल्या. म्हणजे माझ्याकडे पडण्याचा अनुभव भरपूर आहे, त्यावरून सांगतो.

छोटी बॅच घ्या. एका शिक्षकामागे जास्तीत जास्त चारजण, आणि एक तास नाही तर सलग तीन सकाळी. तीन सकाळी जमत नसतील तर दोन तरी. पॅकेजमधला एक तास फुकट असला तरी सोडा. त्यातली वीस मिनिटं वाळूवर जातात, दहा बोर्ड उचलून पाण्यापर्यंत जाण्यात आणि फोटोत, उरलेल्यात तुमचा नंबर येईस्तोवर वेळ संपलेली असते.

माणसांच्या संख्येवर एवढा जोर देण्याचं कारण म्हणजे पहिले दोन-तीन दिवस लाट आपण पकडतच नसतो, शिक्षक पकडून देतो. तो कमरेएवढ्या पाण्यात तुमच्या बोर्डचं शेपूट धरून उभा असतो. मागून येणाऱ्या फुटलेल्या लाटेवर त्याची नजर असते. फेस अंगाशी आला की तो बोर्ड ढकलतो आणि ओरडतो, 'उठ!' तुम्ही पडता. तुम्ही बोर्ड ओढत परत येईपर्यंत तो दुसऱ्याला ढकलतो. चारजण असले की हे चक्र बरोबर बसतं: एक लाटेवर, एक परत येतोय, एक तयार, एक धापा टाकतोय. मला दीड तासात वीसेक ढकलण्या मिळाल्या. त्याआधी एका ठिकाणी (नाव घेत नाही) अकराजणांत दोन शिक्षक होते, तिथे मी मोजल्या, सहा मिळाल्या. सहा वेळा पडून माणूस काहीच शिकत नाही, नुसता खारट होतो.

एकट्याला शिक्षक हाही पर्याय आहे, पण मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी मी सुचवणार नाही. मध्ये दम खायला जागाच मिळत नाही, अर्ध्या तासात खांदे जातात आणि उरलेल्या वेळाचे पैसे पाण्यात. शिवाय दुसऱ्याला पडताना बघून बरंच कळतं.

त्या अकराजणांच्या बॅचमध्येच मला ओठाला दोन टाके पडले. दोष निम्मा माझा. परत येताना बोर्ड छातीसमोर आडवा धरून चालत होतो, लाटेकडे तोंड करून. ढाल धरावी तसा. लाट आली, तिने तो ९ फुटी बोर्ड उचलून माझ्या तोंडावर आणला. बोर्ड फोमचा होता म्हणून दात राहिले. लाट आणि आपण यांच्यामध्ये बोर्ड कधीच आडवा धरायचा नाही. तो आपल्या बाजूला आणि त्याचं नाक लाटेकडे. हे वाळूवर सांगितलंही असेल, पण अकराजणांत मागच्या रांगेत उभं राहून मला ऐकू आलं नाही, आणि पाण्यात मी तो कसा धरलाय हे बघायला कुणाचे डोळे मोकळे नव्हते. चारजणांत हे पहिल्याच मिनिटाला ओरडून थांबवलं असतं.

आता आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण. सांगली-साताऱ्याची माणसं कृष्णेत पोहायला शिकलेली असतात. पाठीला डबा बांधून, काकाने ढकलून वगैरे. त्यामुळे 'मला पोहता येतं' हे आपण छाती फुगवून सांगतो. पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या मारणारे आमच्या गावात दर पावसाळ्यात दिसतात. त्यातली एक सवय समुद्रात उपयोगी पडते, एक घात करते.

घात करणारी सवय म्हणजे सूर. तोल गेला की आपलं अंग आपोआप डोकं पुढे करून पाण्यात घुसतं. नदीच्या डोहात ठीक आहे. सर्फिंग शिकताना पाणी कमरेला असतं, लाट मागे सरली की गुडघ्याला, आणि खाली घट्ट वाळू. तिथे डोक्यावर पडलात तर मान जाते. पडायचं ते पाठीवर नाहीतर कुशीवर, पसरट, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण बोर्ड पायाच्या दोरीला बांधलेला असतो आणि तो परत तुमच्याकडेच येतो. तुमच्या मुलाला धोम धरणात किंवा विहिरीत उड्या मारायची सवय असेल तर हे त्याला घरूनच दहादा बजावून न्या.

उपयोगी पडणारी सवय म्हणजे पुरात पोहणारा प्रवाहाशी भांडत नाही, आडवा काठ धरतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठूनतरी परत आत जातंच, आणि कधी ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, इथे बरं आहे म्हणून. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसू नका, दमाल. बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतो. हात वर करून खूण करायची आणि किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं. गोव्याच्या बऱ्याच किनाऱ्यांवर 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहायला, नुसता लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही. हे झेंडे पोरांना पहिल्या दिवशीच दाखवून ठेवा.

यजमानांबद्दल. हिल मॅरेथॉन पळणाऱ्याचे पाय आणि दम दोन्ही तयार असतात, पण सर्फिंगमध्ये पाय काही सेकंद लागतात आणि खांदे तासभर. पोटावर पडून हातांनी पाणी मागे सारायचं, मान वर, छाती बोर्डपासून उचललेली. अजिंक्यतारा रोज चढून हे स्नायू तयार होत नाहीत. पळणारी माणसं पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत गार पडलेली मी बघितलीत, आणि चिडतातही जास्त. त्यांना आजपासून रोज वीस दंड काढायला सांगा. साधे पुश-अप नव्हे, तालमीतले दंड, ज्यात छाती खालून घासत पुढे येते. सर्फिंगमध्ये उठायची हालचाल तिथूनच सुरू होते: तळहात बरगड्यांजवळ, छाती वर, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली. सतरंजीवर खडूने एक रेघ मारा आणि त्या रेघेवर पाय पडतात का बघा. गुडघा टेकून उठायची सवय एकदा लागली की सुटत नाही, म्हणून घरी शिकताना सावकाश चाललं तरी चालेल, गुडघा नको.

पैतऱ्याची गंमत सांगतो. माझा पुतण्या तालमीतला, ८५ किलोचा, जमिनीवर त्याला हलवून दाखवा. पहिल्याच लाटेवर तो उठला, आणि सवयीने कुस्तीचा पैतरा घेतला: कंबरेत वाकलेला, हात पुढे, नजर समोरच्याच्या पायांवर. समोर कुणी नव्हतंच. वजन पुढे गेलं, बोर्डचं नाक बुडालं आणि पैलवान चितपट. दहा वेळा हेच. मग शिक्षक त्याला म्हणाला, 'गुडघ्यात बस, कंबरेत नको, आणि किनाऱ्यावरच्या त्या माडाकडे बघ.' अकराव्या वेळी तो थेट वाळूपर्यंत आला आणि उतरायचं कसं हे माहीत नसल्याने तसाच उभा राहिला. नजर जिथे, वजन तिथे. पायाकडे बघितलं की पायाशीच पडणार. कुठला पाय पुढे हे ठरवायला बेसावध असताना मागून हलका धक्का द्यायला सांगा, सावरायला जो पाय आधी पडतो तो बहुतेकांचा पुढचा. दोरी मागच्या पायाच्या घोट्याला.

ताई, तुमचं स्वतःचं. शिकवणी कमरे-छातीएवढ्या पाण्यात चालते, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही 'या हो' म्हणतात. मी म्हणणार नाही. पूर्ण पोहायला शिकायची गरज नाही, पण दोन गोष्टी आल्या पाहिजेत: नाकातोंडात पाणी गेलं तरी न घाबरता उभं राहणं, आणि मिनिटभर पाठीवर तरंगणं. महिनाभर तलावावर गेलात तर दोन्ही होतील. नाही झालं तर पहिल्या दिवशी नुसतं पोटावर पडून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत या, उठायच्या भानगडीत पडू नका. खरं सांगू, त्यातच अर्धी मजा आहे. आणि पोहता येत नाही हे शिक्षकाला लाजू नका, आधी सांगा.

चौघांची एकच घरगुती बॅच करायचा मोह होईल. करू नका. आम्ही केली होती. बायको पूर्ण दीड तास मुलाकडे बघत होती, मुलगा मी पडतो का ते बघत होता. एका सकाळी यजमान आणि मुलगा, दुसऱ्या वेळेला तुम्ही, आणि जो किनाऱ्यावर असेल त्याने छत्रीखाली गप बसायचं, तिथून सूचना द्यायच्या नाहीत. लेकीला मात्र एकटीला शिक्षक द्या, ४५ मिनिटं पुरे. मोठ्यांच्या कमरेएवढं पाणी तिच्या गळ्याशी येतं, चारजणांत तिची उंची कुणाच्या लक्षात राहणार नाही.

वेळ सकाळचीच मागा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे कामाला येतात. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तेव्हा लाटा गुळगुळीत आणि सुट्या सुट्या येतात. दुपारी वारा फिरला की पाणी नुसतं उकळल्यासारखं होतं. भरतीचा अंदाज कोकणातल्या जुन्या हिशेबाने निघतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, पण कालनिर्णय बघून सकाळी सातला पाणी चढतंय की उतरतंय एवढं घरबसल्या कळतं. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती नवख्यांना बरी, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त आत-बाहेर करतं. नेमकी वेळ शिक्षकाला विचारा. डिसेंबरात गोव्यात लाटा लहान असतात, पाणी कोमट असतं, वेगळा सूट लागत नाही, पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट पुरे. तो न घातल्यास बोर्डवर घासून पोट सोलवटतं. पावसाळ्यात मात्र हाच समुद्र नवख्याचा नाही.

मोरजी, अश्वे, मांद्रे, हरमल या उत्तरेकडच्या पट्ट्यात शिकवणारे बरेच आहेत. गाडीने आजरा–आंबोली–सावंतवाडीवरून उतरलात तर तुम्हाला तेच सोयीचं. रेल्वेने यायचं तर गोवा एक्स्प्रेस साताऱ्याला थांबते, पण ती मडगावकडे जाते, तिथून हा पट्टा लांब पडतो. जवळचं म्हणून कुणी तारकर्ली सुचवेल. तिथे स्कुबासाठी जा. पुढे नाद लागलाच तर मंगळुरूजवळचं मुल्की आहे, भारतातलं सर्फिंग तिथेच रुजलं. २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळता आलं तर टाळा. तेव्हा चारची बॅच सातची होते, भाव वाढतो आणि पाण्यात पोहणाऱ्यांची एवढी गर्दी असते की बोर्ड कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही.

फोनवर बोलताना 'बॅच किती जणांची' एवढंच विचारू नका, 'छोटीच आहे सर' असं उत्तर येतं. 'पाण्यात एका शिक्षकामागे किती' असं विचारा. किनाऱ्यावर उभा राहून शिट्टी मारणारा धरायचा नाही. आणि ॲडव्हान्स पूर्ण देऊ नका. एका दिवसाचा द्या, पटलं तर पुढचे दोन.

चष्म्याचं राहिलं. काढूनच जायचं. दोरी लावून घालणारे बघितलेत, पहिल्या लाटेत चष्मा समुद्राला अर्पण होतो. लेन्स लावून मीठपाण्यात डोळे उघडायच्या फंदातही पडू नका. माझा नंबर उणे चार, बायकोचा त्याहून जास्त. लाट जवळ आल्यावर दिसतेच, अडचण येते ती शिक्षकाच्या हाताच्या खुणांची. पहिल्या दिवशी आम्ही दोघं चुकीच्याच माणसाकडे बघून हात हलवत होतो. दुसऱ्या दिवशीपासून तो आमच्यासाठी भडक नारिंगी टोपी घालून यायला लागला.