आधी खर्चाची वही वाच

निवडणुकीतल्या पैशाविरुद्ध मोर्चा काढायचा म्हणतोस ना? ते नंतर बघू. आधी तुझ्या आमदाराचं निवडणुकीचं शपथपत्र, नमुना २६, उतरवून घे. मालमत्ता, कर्जं, गुन्हे सगळं त्यात असतं. मागच्या खेपेचंही काढ आणि दोन्ही शेजारी ठेव. पाच वर्षांत जमीन कशी फुगली ते आपोआप दिसतं.

खरी मेख खर्चात आहे. महाराष्ट्रात विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही! आचारसंहितेच्या काळात जेवणावळ दिसली की जागेवरूनच निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर फोटो टाक. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. त्याची प्रत माग आणि आपल्या नोंदींशी ताडून बघ. आम्ही एकदा ताडला, तर मटणाच्या पंगतीच्या जागी नुसता चहा लिहिलेला.

निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी द्यायची सोय, १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. याचिकाकर्त्यांत एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही नागरिकांचीच संस्था होती. पण हुरळू नकोस, गावात वाटला जाणारा पैसा रोख्यांतून कधीच येत नव्हता.

आणि हो, कुठल्याच पक्षाचं पेट्रोल गाडीत घालून घेऊ नकोस. एकटाही फिरू नकोस. दोघं-तिघं जोडीला घे, त्यातला एक हिशेबात पक्का हवा.