डिस्चार्ज बुकात न उतरलेली पदके

माजी सैनिकांच्या कागदपत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकात घेतली आहेत. तिन्हींचा विषय एकच आहे, तो म्हणजे मिळालेली किंवा मिळायला हवी होती अशी पदके डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे सेवा संपताना सैनिकाला मिळणाऱ्या सेवापुस्तिकेच्या, नोंदीत नसणे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी १९६७ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालो आणि १९८४ साली नाईक या हुद्द्यावरून पेन्शनवर आलो. १९७१ च्या लढाईत आमची पलटण पूर्व आघाडीवर होती. पुढे पलटणीत ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही युद्धाची पदके वाटली गेली, तेव्हा मी पायाच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात होतो आणि ‘तुझे मागाहून येईल’ असे मला सांगण्यात आले. ते आले नाही आणि मीही मागितले नाही. परवा नातवाला शाळेतल्या प्रकल्पासाठी डिस्चार्ज बुक दाखवले, तेव्हा त्यात केवळ स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक एवढीच नोंद असल्याचे लक्षात आले. आमच्या सोसायटीतल्या एका माजी सैनिकाकडे रक्षा मेडलही आहे. या तिन्ही पदकांची नोंद आता होऊ शकेल का? त्यासाठी खडकीला जावे लागेल का? — एक माजी नाईक, धनकवडी

उत्तर : रक्षा मेडलचा विषय आधी संपवतो, कारण ते आपल्याला लागू नाही. हे पदक १९६५ च्या युद्धाशी जोडलेले आहे आणि ५ ऑगस्ट १९६५ रोजी ज्यांची किमान १८० दिवसांची सेवा झालेली होती त्यांच्यासाठी ते होते. आपण १९६७ साली भरती झालात. अर्जात ते मागू नका, कारण एक मागणी उघडपणे चुकीची दिसली की कारकून उरलेल्या दोन मागण्यांकडेही त्याच नजरेने पाहतो. हे मी अनुभवाने सांगतो, कारण नोकरीची काही वर्षे मी अशाच टेबलामागे बसून काढली आहेत.

उरलेल्या दोन पदकांविषयी आपली बाजू चांगली आहे. पूर्वी स्टार हा डिसेंबर १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीच्या ठरावीक प्रदेशात सेवा केलेल्यांसाठी आहे, तर संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा बराच लांब आहे. आपल्या बुकातली जी नोंद आपण ‘एवढीच’ म्हणून बाजूला सारलीत, तीच येथे उपयोगी पडते. पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना दिले गेले, म्हणजे त्या दिवशी आपण सेवेत होतात हे आपल्याच बुकात लिहिलेले आहे. राहिला प्रश्न त्या काळात आपण कोठे होतात हा, आणि त्याचे उत्तर आपल्या पलटणीच्या ठावठिकाण्यावरून मिळते.

आता मूळ मुद्दा. डिस्चार्ज बुक हा आपल्या सेवेचा मूळ दस्तऐवज नव्हे, तो उतारा आहे. मूळ आहे तो रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे आपल्या दलाच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयात, ठेवलेला शीट रोल, आणि शीट रोलमध्ये नोंद चढते ती पलटणीने काढलेल्या पार्ट टू ऑर्डर या लेखी आदेशावरून. सातबाऱ्यावर नाव चढायचे तर आधी फेरफार मंजूर व्हावा लागतो, तसेच हे आहे, आणि उताऱ्यावर खाडाखोड करून कोणी जमिनीचा मालक होत नाही. त्यामुळे ‘माझे डिस्चार्ज बुक दुरुस्त करून द्या’ असा अर्ज करण्यापूर्वी शीट रोलमध्ये काय लिहिले आहे हे माहीत करून घ्यावे. तेथे दोन्ही पदकांची नोंद असेल, तर आपले काम सोपे आहे, कारण बुक भरताना कारकुनाच्या हातून दोन ओळी राहिल्या एवढाच त्याचा अर्थ होतो आणि शीट रोलच्या आधारे ती चूक सुधारता येते. नोंद आहे पण पदक हाती पडले नाही, असे असेल तर पदक देण्याची मागणी वेगळी करावी. आणि शीट रोलमध्येही नोंद नसेल, तर मात्र पात्रता सिद्ध करून आधी पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी लागते. आपण रुग्णालयात होतात हे ध्यानात घेता ही तिसरी शक्यता मला अधिक वाटते. वाटपाच्या यादीत हजर असलेल्यांपुढे सह्या झाल्या आणि गैरहजर माणसाची ओळ कोरी राहिली, असे प्रकार घडत असत.

शीट रोल पाहण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग माहितीच्या अधिकाराचा आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून आपल्या शीट रोलची आणि पदकांविषयीच्या पार्ट टू ऑर्डरची साक्षांकित प्रत मागावी. उत्तर ३० दिवसांत येणे अपेक्षित असते, आणि न आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, भरतीची व डिस्चार्जची तारीख आणि पलटण लिहावी. नावाचे स्पेलिंग आजच्या आधार कार्डाप्रमाणे न लिहिता डिस्चार्ज बुकात आहे तसेच लिहावे, मग ते कितीही विचित्र असो.

हा अर्ज खडकीला पाठवू नका. खडकीचे रेकॉर्ड ऑफिस बॉम्बे इंजिनिअर्सचे आहे, आपले बेळगावला आहे. पुण्यात राहणाऱ्यांचा हा घोटाळा नेहमी होतो, कारण छावणी डोळ्यांसमोर असते आणि सगळे लष्कर तेथेच आहे असे वाटते. पूना हॉर्सच्या नावातच पुणे आहे, तरी त्यांचे रेकॉर्ड चिलखती दलाचे म्हणून अहिल्यानगरला असते. तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि हवाई दलाचे दिल्लीच्या सुब्रतो पार्कात. आपण राहता कोठे याला महत्त्व नाही, भरती कोणत्या दलात झाली होती याला आहे.

प्रत हाती आल्यावर रेकॉर्ड ऑफिसच्या नावे एका पानाचा अर्ज लिहावा आणि तो शक्यतो पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. तसे केल्याने आवक-जावक नोंदीचा एक क्रमांक आपल्याकडे राहतो. थेट पाठवल्यास स्पीड पोस्टची पावती जपावी. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स लावावी, मूळ बुक मागितल्याशिवाय पाठवू नये, आणि मागितले तर प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवूनच पाठवावे. त्या वेळी पलटणीत असलेल्या दोघा-तिघांची पत्रे जोडता आली तर जोडावीत, मात्र त्यांच्या स्वतःच्या बुकात पूर्वी स्टारची नोंद असावी आणि तिची झेरॉक्सही लावावी.

दोन गोष्टी करू नयेत. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या दुकानांत पदके आणि फिती मिळतात. छातीवर लावायची फीत जीर्ण झाली म्हणून नवी घेणे वेगळे, पण तेथून घेतलेले पदक पुरावा होत नाही. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती भिंगाखाली वाचता येते, आणि बाजारातल्या पदकावर बहुधा कोणा दुसऱ्याच जवानाचे नाव सापडते. दुसरी गोष्ट म्हणजे बुकात स्वतःच्या हाताने ओळ लिहू नये. एका हवालदारांनी पदकांच्या रकान्यात निळ्या बॉलपेनने ‘पूर्वी स्टार’ लिहिले होते. वरच्या नोंदी काळ्या शाईच्या, टाकाने लिहिलेल्या आणि शिक्क्याखाली दबलेल्या होत्या, तर ही ओळ शिक्क्याच्या वरून गेलेली होती. त्यांचा हक्क खरा होता, पण आधी खाडाखोडीचा खुलासा देण्यात त्यांचे दीड वर्ष गेले.

प्रश्न : माझे वडील १९६८ ते १९७५ या काळात सैन्यात होते. त्यांना पेन्शन नव्हती आणि ते आता हयात नाहीत. ७१ च्या लढाईतली त्यांची पत्रे आईने जपून ठेवली आहेत. आईच्या हयातीत त्यांची पदके मिळावीत अशी इच्छा आहे. रेकॉर्ड ऑफिसने ‘कागदपत्रे नियमानुसार नष्ट केली’ असे कळवले आहे. — एक वाचक, भोर

उत्तर : ते उत्तर टाळाटाळीचे असेलच असे नाही. पेन्शन नसलेल्या सैनिकांचे शीट रोल २५ वर्षांनंतर नष्ट करण्याची तरतूद लष्कराच्या नियमावलीत आहे. परंतु लाँग रोल नावाची एक नोंदवही कायम जतन केली जाते, आणि त्यात नोंदी त्रोटक असल्या तरी सेवेचा काळ मिळतो. आईंच्या नावाने अर्ज करून ‘लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत’ असेच शब्द वापरून ती मागा, ‘वडिलांची सर्व कागदपत्रे’ असे मोघम लिहू नका.

पत्रांवरचा शिक्का पाहा. ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असा शिक्का आणि डिसेंबर १९७१ मधली तारीख असेल तर पत्र पूर्वेकडून आलेले आहे, ‘५६ एपीओ’ असेल तर शोध दुसऱ्या दिशेने घ्यावा लागेल. एवढ्याने पदक मिळत नाही, कारण ९९ एपीओत ईशान्येचा फार मोठा मुलूख येतो, परंतु पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पलटणीचे नाव असेल तर दोन्ही मिळून पुरावा वजनदार होतो. लिफाफे पत्रांपासून वेगळे करू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

जाता जाता एक विचारतो. वडील १९७५ साली पूर्ण डिस्चार्ज घेऊन आले होते की रिझर्व्हमध्ये, म्हणजे गरज पडल्यास परत बोलावण्याच्या राखीव यादीत, गेले होते? त्या काळात काही वर्षे पलटणीत आणि पुढची रिझर्व्हमध्ये, अशी भरती होत असे. दोन्ही मिळून १५ वर्षे भरत असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा प्रश्न उभा राहतो, आणि मग आईंसाठी पदकांपेक्षा तोच अर्ज आधी करावा लागेल.

प्रश्न : १९९६ साली काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या गोळीबारात माझ्या डाव्या खांद्यात गोळी लागली. २००४ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. डिस्चार्ज बुकात जम्मू-काश्मीर क्लास्पसह (फितीवरच्या प्रदेशाच्या नावाच्या पट्टीसह) सैन्य सेवा मेडल आहे, पण पराक्रम पदक नाही. त्याने पेन्शनमध्ये काही फरक पडतो का? — एक माजी हवालदार, लोहगाव

उत्तर : मोहिमांच्या पदकांना पैसे जोडलेले नसतात. पराक्रम पदकालाही नाहीत. १९७३ साली सुरू झालेले हे पदक शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांसाठी आहे. पण ज्या कागदावर ते अवलंबून आहे, त्याच कागदावर युद्धजखमेची पेन्शनही अवलंबून असते. तो कागद म्हणजे आपल्याला ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईतला जखमी, ठरवणारी पलटणीची पार्ट टू ऑर्डर. ती निघाली होती का, हे आधी पाहावे. ती निघालेली असेल आणि सेवा संपताना मेडिकल बोर्डाने खांद्याचे अपंगत्वही नोंदवले असेल, तर आपला प्रश्न पदकापुरता राहत नाही.

पदकासाठी आणि युद्धजखमेच्या पेन्शनसाठी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून सहा महिन्यांत उत्तर आले नाही, किंवा नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. नकार आल्यास तेथून पुढे सहा महिन्यांची मुदत असते. पेन्शनची थकबाकी मागताना सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल ध्यानात ठेवावा, कारण उशिरा आलेल्यांना साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच थकबाकी मिळते.

कागद गोळा करताना रुग्णालयाच्या केस शीटवर समाधान मानू नका. तिच्यावर बहुधा ‘जीएसडब्ल्यू, लेफ्ट शोल्डर’ एवढेच असते, म्हणजे गोळीची जखम, पण गोळी कोणाची हे डॉक्टर लिहीत नाही. आपल्याच सहकाऱ्याच्या हातून सुटलेल्या गोळीची जखमही तशीच लिहिली जाते. म्हणून पलटणीने त्या दिवशी पाठवलेला कॅज्युअल्टीचा सिग्नल (जखमींची माहिती देणारा संदेश), इंज्युरी रिपोर्ट आणि चौकशी झाली असल्यास तिचा निष्कर्ष, हे तीन कागद नावानिशी मागावेत.