कोपर दुखतंय, पण रॅकेट सोडायची नाही

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, बॅकहँड मारताना कळ येते, आणि "सहा आठवडे खेळ बंद" असं तुला सांगण्यात आलंय. टेनिस तर तुला सोडवत नाही. हा बहुधा टेनिस एल्बो. मग आधी हे ऐक: नुसत्या आरामावर विसंबून चालत नाही, आणि दुर्लक्ष करून खेळत राहिलं तर चिघळतं. पुण्यातल्या कुठल्याही कोर्टवर जा, हेच चक्र चाललेलं दिसेल. दुखलं की महिनाभर आराम, थांबलं की पहिल्याच रविवारी तीन सेट, आणि सोमवारी पुन्हा कोपर धरून बसायचं. तुला या चक्रातून बाहेर पडायचंय. त्यासाठी कोपरावर किती भार टाकायचा ते रोज मोजून ठरवायला लागेल.

नेमकं काय बिघडलंय ते समजून घे. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाला एक कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, चिकटलेली असते. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथूनच निघतात. त्यातल्या ज्या स्नायूला फिजिओ 'ईसीआरबी' म्हणतात, त्याची कंडरा सगळ्यात जास्त सोसते. तू काहीही घट्ट धरलंस की मनगट खाली पडू नये म्हणून हा स्नायू काम करतो, म्हणून रॅकेट धरतानाही दुखतं आणि कपडे पिळतानाही. बऱ्याच दिवसांच्या जास्तीच्या ताणाने कंडरेतल्या तंतूंची वीण विस्कटते. जुनाट दुखण्यात सूज फारशी नसते, त्यामुळे सुजेवरच्या गोळ्यांनी दुखणं दबतं, वीण सुधारत नाही. ती सुधारते हळूहळू वाढवत नेलेल्या भारानेच. पूर्ण आरामात कंडरा आणखी कमकुवत होते आणि परत आल्यावर जुनाच खेळ तिला जड जातो.

२००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरामुळे 'टेनिस एल्बो' हे नाव आपल्याकडे घराघरात पोचलं. पुढच्या वर्षी त्याची लंडनला शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून अनेकांच्या मनात या दुखण्याचा शेवट ऑपरेशनमध्येच होतो असं बसलंय. प्रत्यक्षात ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. बहुतेकांचं कोपर वर्षभरात सुधारतं. घाबरू नकोस, पण दोन आठवड्यांत बरं होईल अशी आशाही धरू नकोस.

एकदा फिजिओकडून किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासून मात्र घे. बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवली की कळ हातात उतरत असेल, कोपर मध्येच अडकत असेल, सांध्यावर सूज असेल किंवा हात स्वस्थ ठेवूनही रात्री ठणकत असेल, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर तेही वेगळं, आणि त्याचा संबंध बहुधा सर्व्हिस आणि फोरहँडशी असतो.

आता मोजायचं कसं ते बघ. सकाळी चहाचं पातेलं गॅसवरून सांडशीने उतरवतेस ना? पातेलं तेच, पाणी रोज तेवढंच, साधारण अर्धा लिटर. सांडशी आवळून तळहात खाली ठेवत उचलताना हाच स्नायू कामाला लागतो. त्या क्षणी दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते मोबाइलमध्ये लिहून ठेव. (सुरुवातीला पातेल्यात गार पाणी घेऊन कर. कळ येऊन हात सुटला तर भाजायला नको.) खेळताना किंवा व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा मात्र आदल्या सकाळएवढाच असला पाहिजे. तो वाढला, तर काल भार जास्त झाला. खेळ सोडायचा नाही, फक्त एक पायरी खाली यायचं. हा आकडा रोज लिहिलास तर पुढचे निम्मे निर्णय तुला कुणाला विचारावे लागणार नाहीत.

व्यायामाची पहिली पायरी स्थिर धरण्याची. टेबलाशी बस, पुढचा हात पूर्ण टेबलावर, तळहात खाली आणि मनगट कडेच्या बाहेर. कापडी पिशवीत अर्धा किलो डाळीची दोन पाकिटं घाल, पिशवीचे बंद मुठीत धर आणि मनगट सरळ रेषेत ठेवून ३० ते ४५ सेकंद धरून राहा. मग दोन मिनिटं विश्रांती. असं चार-पाच वेळा, रोज. डंबेलपेक्षा पिशवी अशासाठी बरी, की एक किलो जड गेलं तर एक पाकीट काढता येतं. कोपर सुरुवातीला काटकोनात ठेव, कारण हात सरळ केला की कंडरेवरचा ताण वाढतो. पुष्कळांना या स्थिर धरण्याने लगेच थोडं हलकं वाटतं, म्हणून कोर्टवर जाण्याआधीही दोनदा कर.

दोनेक आठवड्यांनी, सकाळचा आकडा स्थिर असेल तर, दुसरी पायरी. बैठक तीच. डाव्या हाताने उजवं मनगट वर उचलून घे, डावा हात सोड, आणि मनातल्या मनात चार मोजत पिशवी हळू खाली जाऊ दे. पुन्हा वर न्यायचं ते डाव्या हातानेच. असं १५ वेळा, आणि मध्ये एकेक मिनिट थांबून तीन फेऱ्या. इथे हमखास चुकतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे चारऐवजी एका सेकंदात पिशवी खाली पडते, आणि मग व्यायाम होतच नाही. दुसरं, खांदा वर चढतो आणि कोपर टेबलावरून उचललं जातं. समोर आरसा ठेव, लगेच दिसेल. तिन्ही फेऱ्या दोनपेक्षा कमी दुखण्यात होऊ लागल्या की पाव किलो वाढव. पुढे हाच व्यायाम हात जवळजवळ सरळ ठेवून करायचा.

खेळाच्या सामानाच्या दुकानात पिळायची जाड रबरी कांडीही मिळते. दुखऱ्या हाताने ती उभी धरायची, मनगट मागे वळलेलं. चांगल्या हाताने वरचं टोक धरून पीळ द्यायचा, तो पीळ तसाच धरून दोन्ही हात समोर सरळ करायचे, आणि दुखऱ्या मनगटाने चार सेकंदांत हळूहळू सोडायचा. १५च्या तीन फेऱ्या. पिशवी किंवा कांडी, दोन्हींतलं एकच निवड. दोन्ही एकाच दिवशी केलंस तर सकाळचा आकडा वाढणारच. सहा ते बारा आठवडे चिकाटीने करावं लागतं, आणि पहिल्या तीन आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही म्हणून सोडणारेच जास्त. खांद्यामागच्या स्नायूंसाठी आठवड्यातून तीनदा रबरी पट्टी ओढ. खांदा ढिला असला की त्याचं काम कोपराच्या अंगावर येतं.

आता रॅकेट. इथे पुण्यातले हौशी खेळाडू फार चुकतात, आणि तुझ्या रॅकेटचं वर्णन वाचून तुझंही तेच झालंय असं वाटतं. बालेवाडीत २०१८ ते २०२३, मधलं २०२१ सोडून, महाराष्ट्र ओपन ही टेनिस स्पर्धा झाली. अशा स्पर्धांतले खेळाडू पॉलिएस्टरचं गटिंग (रॅकेटमधल्या तारांचं जाळं) वापरतात, म्हणून आपणही. पण त्यांचा स्विंग फार वेगवान असतो आणि त्यांच्या रॅकेटचं गटिंग सतत बदललं जातं. पॉलिएस्टरचा धागा कडक असतो, आणि तो तुटायच्या कितीतरी आधी त्याची लवचीकता जाते. आपण मात्र तो तुटला नाही म्हणून सहा-सहा महिने त्याच्यावर खेळत राहतो. तारा एकमेकींवर घासून उभ्या धाग्यांना खोल खाचा पडल्या असतील आणि सरकलेली तार आपसूक जागेवर येत नसेल, तर ते गटिंग मेलेलं आहे. अशा गटिंगवर चेंडू लागल्याचा धक्का थेट हातात येतो.

तेव्हा सध्या मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंचा मऊ धागा) घे, पैशाची सोय असेल तर नॅचरल गट (आतड्यापासून केलेला धागा). तारांचं टेन्शन, म्हणजे ताण, तू ५६ पाउंड ठेवतेस, ते ५१-५२ वर आण. टेन्शन कमी केल्यावर चेंडू थोडा लांब जातो, त्याची आठवडाभरात सवय होते. फ्रेमही बघ. खूप हलकी आणि खूप ताठ रॅकेट कोपराला सगळ्यात वाईट, कारण हलक्या फ्रेमला चेंडूचा धक्का पेलत नाही आणि तो हाताला सोसावा लागतो. गटिंगशिवाय ३०० ग्रॅमच्या आसपास वजन, तोल मुठीकडे झुकलेला आणि ताठपणाचा आकडा ६५च्या खाली, अशी फ्रेम बरी. पण महागाची नवी रॅकेट घ्यायच्या आधी नुसतं गटिंग बदलून बघ. दोन्ही एकदम बदललंस तर फायदा कशाने झाला ते कळणार नाही.

रॅकेटची मूठ लहान असेल तर ती हातात फिरू नये म्हणून तू सारखी आवळत राहतेस. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहाताचा अंगठ्याखालचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट जेमतेम मावलं पाहिजे. मावत नसेल तर एक ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) चढव. घामाने गुळगुळीत झालेली ग्रिपही आवळायला लावते, मे महिन्यात तर दोन-तीन आठवड्यांतच बदलावी लागते. तारांमध्ये अडकवतात त्या रबरी डॅम्पनरने मात्र फक्त आवाज बदलतो. कोपराला त्याचा काही उपयोग नाही.

फटक्याकडे ये. एका हाताच्या बॅकहँडला चेंडू उशिरा लागला की कोपर पुढे येतं, मनगट आत वाकतं आणि चेंडूचा सगळा भार त्या कंडरेवर झटक्यात पडतो. चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे लागला पाहिजे, मनगट सरळ किंवा किंचित मागे, आणि जोर खांद्याच्या वळण्यातून आला पाहिजे. ते जमेपर्यंत दोन्ही हातांनी बॅकहँड खेळ. डावा हात सोबत आला की उजव्या कोपरावरचं ओझं खूप हलकं होतं. दोन फटक्यांच्या मधल्या वेळात डाव्या हाताने रॅकेट तिच्या गळ्यापाशी, म्हणजे दांडा आणि चौकट जुळतात तिथे, धर आणि उजवी मूठ सैल सोड. सबंध तासभर आवळलेली मूठ हे दुखण्याचं मोठं कारण असतं, आणि खेळणाऱ्याला ते जाणवतही नाही.

आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, अर्धा तास खेळ. पहिली दहा मिनिटं सर्व्हिस बॉक्समध्ये हळू चेंडू, मग फोरहँड आणि व्हॉली, शेवटी निम्म्या जोराच्या १५-२० सर्व्हिस. सर्व्हिस परतवणं सध्या नको, कारण उशीर होतो तो तिथेच. वेळ, जोर आणि सर्व्हिसची संख्या, या तिन्हींतलं एका वेळी एकच वाढवायचं, आणि तेही सकाळचा आकडा तीन वेळा स्थिर राहिल्यावर. मॅचेस सुरू केल्यास की आधी दुहेरी, मग एकेरी. एका हाताचा बॅकहँड सगळ्यात शेवटी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला कोर्टवर जात असशील तर दहा मिनिटं अंग गरम केल्याशिवाय रॅकेट हातात घेऊ नकोस. पावसाळ्यात ओला चेंडू पाणी पिऊन जड होतो. कोर्ट वाळलं म्हणून खेळायला उतरलात तरी कालचे भिजलेले चेंडू बाजूला ठेवायला सांग.

कोपराचा पट्टा वापरायचा असेल तर दुखऱ्या हाडावर बांधू नकोस. त्या हाडापासून दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगवट्यावर बांध, आणि मूठ वळली की घट्ट, सोडली की सैल एवढाच. खेळ संपला की काढ.

कोर्टबाहेरचे तासही याच कंडरेच्या खात्यावर पडतात, आणि तुझे तर हिंजवडीच्या रस्त्यावरच जातात. स्कूटरचा ॲक्सिलरेटर धरताना मनगट मागे दुमडू देऊ नकोस, हाताच्या सरळ रेषेत ठेव. सिग्नलला मूठ सोड. माउस अंगाजवळ घे, काही आठवडे डाव्या हाताने वापरलास तर उत्तम. भाजीची पिशवी, लॅपटॉपची बॅग तळहात वर करून उचल. कणीक मळणं आणि कपडे पिळणं काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाकडे दे.

इंजेक्शनचं विचारलंयस. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने चार-सहा आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांचं कोपर जास्त वेळा पुन्हा दुखतं, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. स्पर्धा तोंडावर आली म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. मॅचच्या आधी वेदनाशामक गोळीही नको. दुखणं झाकलं गेलं तर तुझा मोजायचा आकडाच खोटा पडेल. खेळून झाल्यावर दहा मिनिटं बर्फ लावलास तर हरकत नाही. दुखऱ्या हाडावर तेल लावून जोरजोरात रगडून घेण्याचा मोह मात्र टाळ.

नेमाने बारा आठवडे करूनही सांडशीचा आकडा खाली आला नाही, तर पुन्हा तपासून घे आणि सोबत मोबाइलमधली नोंद ने. या आठवड्यात एवढंच कर: गटिंग बदलून आण आणि पिशवीचा व्यायाम सुरू कर. पहिल्या सात सकाळचे आकडे मला पाठव, पुढचं वजन त्यावरून ठरवू.

तुझे,
काका