‘मे. कोर्टास विनंती की...’

अनेक आशीर्वाद.

काल कोर्ट उठल्यावर चिंचेखाली तू तावातावाने बोलत होतीस आणि मी घड्याळ बघून निघून गेलो. एसटी चुकणार होती हे खोटं. थांबलो असतो तर आवाज चढला असता. ‘सर, माणूस सुटल्याशी मतलब. दया म्हणा नाहीतर हक्क म्हणा, त्याच्या आईला काय फरक पडतो?’ हे तुझे शब्द. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा, ही तत्त्वज्ञ कांटची शिकवण परीक्षेपुरती ठीक, इथे तारखा पडतात, असंही वर ऐकवलंस.

रात्री तुझा अर्ज पुन्हा वाचला. जामीन मंजूर होऊन सहा आठवडे झाले, जामीनदार मिळत नाही म्हणून पोरगा अजून आत. आणि तू लिहितेस, ‘अर्जदार अत्यंत गरीब असून घरातील एकटाच कमावता आहे, तरी मे. कोर्टाने दया दाखवून...’ हे वाक्य माझ्याच जुन्या फायलीतून उचललंस, ओळखलं मी. पंधरा वर्षं तेच लिहीत होतो. टायपिस्टला पाठ होतं, मी नुसतं ‘नेहमीचं टाक’ म्हणायचो.

अगं, दया मागू नकोस.

गरिबी लिहूच नकोस असं म्हणत नाही. ही अट त्याला झेपणारी नाही, याचा गरिबी हा पुरावा आहे; तिथे ती पुराव्यासारखी मांड. मोतीरामचा 1978चा निकाल काढ. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खाली दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. न्या. कृष्ण अय्यरांनी 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडायला सांगितलं आणि वर विचारलं की, असं असेल तर बस्तरमध्ये पकडलेल्या मल्याळी माणसाने करायचं काय? पुढे 31 जानेवारी 2023च्या आदेशात त्याच न्यायालयाने सांगितलं, महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर कोर्टाला आपणहून अट सैल करण्याचा विचार करता येईल. स्थानिक जामीनदाराचा हट्टही नको. तुझे सहा आठवडे झालेत. एवढं हातात असताना पदर कशाला पसरतेस?

फरक काय पडतो, तर 28 एप्रिल 1976चा जबलपूर खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघ. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना कोर्टाचं दार ठोठावता येतं का, एवढाच प्रश्न होता. न्या. खन्नांनी सरकारच्या वकिलाला विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तर? आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, असं उत्तर आलं. पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. त्यातल्या न्या. बेगांनी लिहिलंय की स्थानबद्धांना चांगलं ठेवतात, चांगलं खाऊ घालतात, सरकारची काळजी जवळजवळ आईसारखी आहे. आई! हक्क काढून घेतला आणि माया ठेवली. माझ्याकडच्या प्रतीत त्या ओळीखाली पेन्सिलीने इतकं गिरवलंय की कागद फाटलाय. विरोधात एकटे खन्ना. जानेवारी 1977मध्ये त्यांना डावलून बेगांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल रीतसर पुसायला 24 ऑगस्ट 2017 उजाडलं. जगणं आणि स्वातंत्र्य ही राज्याने दिलेली बक्षिसी नाही, हे लिहायला 41 वर्षं. आणि तू तीच बक्षिसी अर्ज करून मागतेस!

आता माझं ऐक. विनाकारण बेड्या घालू नयेत हा निकाल 1980चा. त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या एका अशिलाला बेडी घालून, दोरीचं टोक शिपायाच्या हातात, असं आणलं. मागच्या बाकावर बाप बसला होता. पोराने दोन्ही हातांवर टॉवेल टाकून घेतला, बापाला दिसू नये म्हणून. निकालाची प्रत माझ्या बॅगेत होती. पण साहेब त्या दिवशी खुशीत होते, जामीन मिळणार हे दिसत होतं. उगाच कशाला, म्हणून मी गप्प बसलो. जामीन मिळाला. माणूस सुटला. तुझ्या हिशोबाने मी जिंकलो. पुढे तो आठवडी बाजारात दिसायचा तेव्हा मीच बोळात वळायचो.

तेव्हापासून मी हट्टी झालो. बाररूममध्ये मला काय म्हणतात ते तुला माहीत आहे.

हट्टाचीही किंमत सांगतो, नाहीतर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. एका कोर्टाने मला स्वच्छ सुचवलं होतं, ‘वकीलसाहेब, सहानुभूतीचा अर्ज द्या, आज सोडतो.’ मी म्हणालो, हक्कावर आदेश हवा. आदेश झाला, चांगला झाला, वरच्या कोर्टातही टिकला. पण माझा अशील 19 दिवस जास्त आत राहिला. तू म्हणशील, सरांनी आपलं तत्त्व त्याच्या पाठीवर लिहिलं. म्हण. त्याच आदेशाच्या बळावर नंतर माझ्या ओळखीतलेच चारजण सुटले, आणि दयेने एक सुटला की पुढच्याला पुन्हा शून्यापासून हात जोडावे लागतात. हे मी स्वतःला बरेचदा सांगितलंय. तरी ते 19 दिवस माझे नव्हते. त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. कांट तेव्हा मीही वाचलेला होता. तू विचार. उद्या जेलमध्ये मुलाखत घे, दोन्ही रस्ते त्याला त्याच्या भाषेत सांग, आणि तो म्हणाला ‘ताई, कसंही करून काढा’, तर काढ. पण तेव्हाही अर्जात दया नको, लवकरची तारीख माग.

अर्जाच्या डोक्यावरचं ते ‘मे.’ म्हणजे मेहेरबान, हे तुला कुणी सांगितलंय का? मला सनद मिळून सात वर्षं झाल्यावर कळलं. मेहेरबानाकडे हक्क मागायचा, अशी आपली गंमत. ते राहू दे, त्यावर भांडायला माझ्यात आता दम नाही. परिच्छेद 4 आणि 5 मात्र काढून टाक, तिथे मोतीराम आणि 2023चा आदेश घाल, आणि ‘दया दाखवून’च्या जागी ‘अट शिथिल करून जातमुचलक्यावर मुक्त करण्याचा आदेश व्हावा’ असं लिही. त्याच्या मामाचा सातबारा जोडलायस तो जुना आहे. फेरफार झालाय का बघ आणि नवा उतारा काढ, अट नाहीच सुटली तर हाताशी हवा.

सोमवारी दहाला ये. चहा माझ्याकडे.